इग्वानाने खाणं टाकलंय? आधी थर्मामीटर, मग ताटली

लक्षणं आधी सांगतो, कारण हे वाचणारा घाईत असणार.

सकाळी भरलेली ताटली संध्याकाळी तशीच पडलेली, फक्त पानं सुकलेली. एरवी सुरीचा आवाज ऐकून मान वर करणारा प्राणी आता ताटलीकडे बघतो आणि डोळे मिटून घेतो. रंग उतरलेला असतो. हिरव्याचा मातकट होतो, मानेवर आणि पाठीवर काळपट झाक येते. फांदीवर चढत नाही, पोट टेकून तळाशी पडून राहतो. तीन-चार दिवसांत शी नाही. झालीच तर कोरडी, आणि तिच्यातला पांढरा भाग पिवळट, वाळूसारखा खरखरीत.

यातली दोन-तीन लक्षणं असतील तर पुढे वाचा. घरच्या घरी सुटणाऱ्या प्रकरणांत बहुतेक वेळा एवढंच असतं.

पण पायाची बोटं थरथरत असतील, मागचे पाय ओढत चालत असेल, खालचा जबडा रबरासारखा दबत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तोंडात पिवळा चिकट थर दिसत असेल किंवा शेपटीकडच्या भोकातून काही बाहेर आलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला फोन लावा. पिल्लू असेल, म्हणजे वर्षाच्या आतलं, आणि दोन दिवस काहीच खाल्लं नसेल, तरी तेच करा. पिल्लाच्या अंगात साठा नसतो.

माझ्याकडे तात्या अकरा वर्षं आहे. हिरवा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा, नर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच फुटांच्या वर, वजन साडेतीन किलो. एका कुटुंबाला तो जड झाला म्हणून माझ्याकडे आला. दुकानात वीतभर असलेला हिरवागार जीव तीन वर्षांत कपाटाएवढा पिंजरा मागतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आला तेव्हा त्याने खाणं टाकलेलंच होतं. तेव्हापासून पुण्यात आणि पुण्याबाहेर ओळखीच्या, ओळखीच्या ओळखीच्या किती घरांत हाच प्रश्न घेऊन गेलोय, त्याचा हिशेब ठेवलेला नाही. डिसेंबरची पहिली थंडी पडली की फोन सुरू होतात. दुसरा हंगाम जुलैचा.

प्रत्येक घरी पहिलं वाक्य एकच असतं: "सगळं बदलून बघितलं." म्हणजे काय, तर कोथिंबिरीच्या जागी मेथी, मेथीच्या जागी पालक, मग केळं, मग पपई, मग कुणीतरी सांगितलं म्हणून उकडलेलं अंडं. बदललेली असते ती फक्त ताटली. इग्वानाची भूक मात्र बहुतेक वेळा ताटलीच्या बाहेर अडकलेली असते. मूळचा तो मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतला, नदीकाठच्या झाडांवर उन्हात पसरून पानं खाणारा प्राणी. स्वतःची ऊब तयार करणारं यंत्र त्याच्या शरीरात नाही. पोटात गेलेली पानं आतड्याच्या शेवटच्या भागात सूक्ष्मजीवांकडून आंबवली जातात, आणि त्या आंबवण्याला ऊब लागते. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच. पोटातलं पचणार नसेल, तर तो वरून आणखी घालणार नाही. त्याच्या परीने ते शहाणपणच असतं.

म्हणून तपासण्या या क्रमाने करा. एक झाली, त्यात काही सापडलं, ते दुरुस्त केलं, तर पुढे पळू नका. दोन-तीन दिवस द्या.

पैसे न लागणारी तपासणी: घरात काय बदललं?

पंधरा दिवसांत पिंजरा हलवला का? समोरचा पडदा बदलला का? पाहुणे, बाळ, मांजर, नवा कुत्रा? खिडकीबाहेर घार किंवा कावळा येऊन बसतो का? झाडावरच्या प्राण्याला वरून येणारी सावली म्हणजे मरण वाटतं. एका घरी इग्वाना आठवडाभर उपाशी होता. कारण एवढंच, की पिंजऱ्याच्या वर नवा पंखा बसवला होता. पंख्याकडची बाजू पुठ्ठ्याने झाकली आणि दोन दिवसांत तो खायला लागला.

कात टाकताना एखाददुसरा दिवस खाणं कमी होतं. अंगावर पांढरट पापुद्रे सुटत असतील तर काळजी नको. पापुद्रे ओढून काढू मात्र नका. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुनी कात कड्यासारखी अडकली असेल तर कोमट पाण्यात भिजवून ती मऊ करा. नाहीतर रक्तपुरवठा थांबतो आणि टोक वाळून गळतं.

मोठा नर असेल तर माजाचा काळ लक्षात घ्या. तात्याचा दिवाळीनंतर सुरू होतो. अंगावर केशरी झाक येते, मान जोरजोरात हलवतो, मांड्यांच्या आतल्या छिद्रांतून मेणासारखं काही निघतं, आणि महिनाभर जेवण निम्म्यावर येतं. तेव्हा तो चिडका असतो, पण मलूल नसतो. हा फरक लक्षात ठेवा. चिडका आणि चपळ असेल तर थांबा. मलूल असेल तर पुढे चला. (या काळात चेहरा त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. माझ्या करंगळीवर अजून खूण आहे.)

ऊब

सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच सुटतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पिंजऱ्याच्या काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काढून टाका. तो काचेचं तापमान सांगतो, तेही अंदाजे. वायर आणि प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. प्रोब बरोबर त्या जागी ठेवा जिथे प्राण्याची पाठ येते. त्या फांदीवर दिव्याखाली ३५ ते ३८ अंश सेल्सिअस हवेत. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २६ ते २८. रात्री २३-२४. दोन्ही टोकं मोजायचीच, कारण त्याला ऊब हवी तेव्हा उन्हात आणि नको तेव्हा सावलीत सरकता आलं पाहिजे. पूर्ण पिंजरा ३५ वर ठेवणं हाही त्रासच आहे.

आता पुण्यातला जानेवारी घ्या. बाहेर पहाटे दहा अंश, घरात अठरा-एकोणीस. रात्री दिवा बंद. सकाळी आठला दिवा लागतो, नऊला तुम्ही ताटली ठेवून ऑफिसला जाता. प्राणी अजून गारच असतो. तो अकरापर्यंत ऊन खातो, तोवर पानं कोमेजलेली असतात. संध्याकाळी तुम्ही येऊन म्हणता, खाल्लं नाही. अशा घरी मी फक्त दोन गोष्टी बदलतो. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, आणि ताटलीची वेळ दिवा लागल्यानंतर दोन-अडीच तासांनी. संध्याकाळी उशिरा खायला देऊ नका. खाल्ल्यानंतर पचवण्यासाठी काही तासांची ऊब शिल्लक राहिली पाहिजे.

सिरॅमिक हीटरला होल्डर चिनी मातीचाच लावा. प्लास्टिकचा वितळतो. बाहेरून जाळीचं कव्हर हवं आणि ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट हवा. रात्रीसाठी मिळणारे लाल-निळे बल्ब घेऊ नका. इग्वानाच्या डोक्यावर मध्यभागी एक फिकट खवला असतो. तो म्हणजे त्याचा उजेड जाणणारा तिसरा डोळा. रात्रभर उजेड असेल तर त्याला झोप नाही, आणि झोप नाही तर भूक नाही. तापणारा दगड तर मुळीच नको. इग्वाना ऊब पाठीवर घेतो. पोटाखालच्या चटक्याची त्याला वेळेत जाणीव होत नाही आणि पोट भाजतं. असं भाजलेलं पोट मी दोनदा पाहिलंय.

मोठ्या प्राण्याच्या बाबतीत आणखी एक चूक होते. पाच फुटी देहावर एकच स्पॉट बल्ब. खांदे तापतात, पोट गार राहतं, आणि पचन तर पोटात व्हायचं असतं. दोन कमी वॉटचे बल्ब शेजारी शेजारी लावा, म्हणजे मानेपासून मांडीपर्यंत अंग उबेत येईल.

एसीची हवा कुठे लागते तेही बघा. ठाण्यात एका घरी सगळी मोजमापं दुपारी बरोबर यायची आणि प्राणी मात्र उपाशी. रात्री अकराला गेलो तेव्हा कळलं, एसीचा झोत थेट वरच्या फांदीवर होता आणि तिथे २१ अंश होते. तेव्हा मोजमाप दिवसातून तीनदा घ्या, त्यात एकदा पहाटे.

विदर्भातल्यांसाठी उलट सूचना. मे महिन्यात खोली ४० वर गेली की दिवा लावायची गरज नसते. इग्वाना तोंड उघडून बसला असेल तर तो भुकेला नाही, तापलाय. सावली द्या, पाण्याचा फवारा मारा, कूलरची हवा खोलीत येऊ द्या, पण अंगावर नको.

पाणी

ऊब बरोबर असेल तर पाणी बघा. खर्च फक्त एका टबाचा.

इग्वानाला वाटीतून पाणी पिण्याची फारशी सवय नसते. जंगलात त्याची तहान पानांवरचं दव आणि पाऊस भागवतो. आपल्या घरात दिवे लावून हवा आपणच कोरडी करतो. मग मूत्रपिंडावर ताण येतो, शी खडखडीत होते, आतडं थांबतं, भूक मरते. शीमधला पांढरा भाग हा याचा उत्तम मापक आहे. ओला, मऊ, पांढरा असेल तर ठीक. पिवळा, केशरी किंवा खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय. (काचेवर पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. तो नाकातून मीठ शिंकतो. त्याचं शरीर जादा क्षार असेच बाहेर टाकतं.)

कोमट पाणी, आपल्या मनगटाला जेमतेम उबदार लागेल असं, त्याच्या खांद्याएवढ्या खोलीचं. पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही तिथेच थांबा. बहुतेक जण पाण्यातच शी करतात, आणि चार दिवस अडलेली शी झाली की त्याच दुपारी खाणं सुरू झालेलं मी कितीदा पाहिलंय. न खाणाऱ्याला रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा. टब वेगळा ठेवा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. इग्वाना अगदी निरोगी असला तरी त्याच्या शीमध्ये साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हात साबणाने धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर दुप्पट काळजी घ्या.

पिंजऱ्यात दमटपणा ६० ते ८० टक्के हवा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात तो फुकट मिळतो, पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ फवारावं लागतं. पानं धुतल्यावर निथळू देऊ नका, ओलीच द्या. ही सगळ्यात सोपी युक्ती.

उजेड, म्हणजे खरा उजेड

जुलैतले फोन इथले असतात. जूनपासून ऊन नाही, प्राणी हळूहळू मंदावतो, आणि ऑगस्टमध्ये जबडा मऊ पडतो.

साखळी अशी आहे. उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. स्नायूंना कॅल्शियम लागतं, म्हणून बोटं थरथरतात. आतड्याची हालचालही स्नायूंचीच, म्हणून शी अडते. जबड्याचं हाड मऊ पडलं की चावताना दुखतं, म्हणून ताटली तशीच राहते. मग लोक मऊ केळं भरवतात, तो खातो, आणि सगळ्यांना वाटतं बरा झाला.

पहिली तपासणी फुकटची आहे. उजेड काचेतून येतोय का? खिडकीची काच या किरणांना अडवते, अ‍ॅक्रिलिकही बहुतेक अडवतं. "रोज खिडकीत ऊन खातो" याला म्हणूनच अर्थ नाही. त्याला ऊब मिळते, किरण मिळत नाहीत. बाल्कनीची काच सरकवा. कबुतरांची जाळी चालेल.

दुसरी तपासणी नळीवरची तारीख. अतिनील-बीची नळी डोळ्यांना छान उजळ दिसत राहते, पण तिचे किरण काही महिन्यांत मंदावतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात ती बदलायची. मी लावलेल्या दिवशीच नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहितो. अंतरही मोजा. जुन्या जाड टी-८ नळीला वीतभर, बारीक टी-५ ला फूटभर किंवा थोडं जास्त, कंपनी सांगेल तसं. मध्ये बारीक जाळी असेल तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त किरण तिथेच अडतात.

तिसरी तपासणी: ती नळी नक्की अतिनील-बीचीच आहे ना? नोटा तपासायचा जांभळा दिवा किंवा डास मारायच्या यंत्रातली निळी नळी यांचा उपयोग नाही. त्यांतून येणारे किरण वेगळे. आणि एका गृहस्थांनी, चांगले इंजिनियर, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली यूव्ही नळी काढून पिंजऱ्यात लावली होती. ते अतिनील-सी किरण. जंतू मारतात, तसेच डोळे आणि कातडीही जाळतात, प्राण्याची आणि तुमचीही. असं काही लावलं असेल तर वाचता वाचता उठा आणि काढा.

दिव्यांपेक्षा ऊन नेहमीच सरस. कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून जमेल तेवढे दिवस. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवू नका, पंधरा मिनिटांत तो भाजून निघेल. अंगाला पट्टा हवा आणि जवळ तुम्ही. शांत इग्वाना उन्हात तापला की काय चपळ होतो, ते एकदा आंब्याच्या झाडावर शिडी लावून उतरवल्यावर कळतं. शेपूट धरून खेचू नका. तुटते. नवी येते, पण आखूड आणि काळपट.

याच उन्हात बसून मी त्याला अकरा वर्षं बघतोय. हा प्राणी शेपूट हलवणार नाही, हाक मारल्यावर येणार नाही. दोन वर्षं तात्या माझ्या हाताला सापासारखा फुत्कारायचा आणि शेपटीचे फटके मारायचा. मग एका सकाळी गच्चीवर आपण होऊन मांडीवर चढला, अंग चपटं करून उन्हाकडे पसरला आणि गळ्याखाली बोट फिरवलं तसे डोळे मिटले. ज्यांना लगेच प्रेम हवं असेल त्यांनी कुत्रा पाळावा, त्यात कमीपणा नाही.

शेजाऱ्यांसाठी एक टीप. गच्चीवर नेलं की कुणीतरी "घोरपड पाळलीय" म्हणून फोन करतं. घोरपड पाळणं गुन्हाच आहे, ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. इग्वाना परदेशी आणि शाकाहारी, पण कागद त्यालाही लागतात. ते पुढे सांगतो.

आता ताटली

इथे मी सगळ्यात शेवटी येतो, कारण लोक इथेच सुरुवात करून थकलेले असतात.

पानं, पानं आणि पानं. आपल्याकडे परदेशी भाज्या शोधत फिरायची गरज नाही. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, हादग्याची पानं आणि फुलं, तुतीची पानं, द्राक्षाची फवारणी न झालेली पानं. यांतलं बरंच काही सोसायटीच्या कुंपणाला फुकट असतं. जोडीला किसलेला लाल भोपळा, थोडी फरसबी. फळ आठवड्यातून एकदा, चवीपुरतं. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, असा हिशेब असतो. शेवगा त्यात बसतो, केळं बसत नाही.

पालक, चाकवत आणि राजगिरा यांच्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. कधीतरी चालतील, रोज नाही. अळू कधीच नको. आपल्या घशाला खाजवतं ते त्याच्याही. कोबी-फ्लॉवर नेहमी नको, थायरॉइडला बाधतं. कांदा-लसूण, अ‍ॅव्होकाडो नको. आणि अंडं, पनीर, कुत्र्याचे दाणे बंद. पिल्लं ते आवडीने खातात, वाढही झरझर दिसते, पण पानं पचवण्यासाठी बनलेल्या शरीराची मूत्रपिंडं काही वर्षांनी त्याची किंमत मोजतात.

न खाणाऱ्याला लाल किंवा पिवळं फूल द्या. त्याला रंग दिसतात. हातातून नको असेल तर फांदीला खोचून ठेवा आणि खोलीबाहेर जा. बघत बसलात तर खाणार नाही, हेही एक कारण असतंच.

हात लावून तपासणी

वरचं सगळं बरोबर असून तीन-चार दिवसांत फरक नाही, तर प्राणी उचला. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक पाटी घ्या. माझ्याकडे दर रविवारचं वजन वहीत असतं. तुमच्याकडे नसेल तर आजपासून लिहा. दहावा हिस्सा वजन घटलं तर घरचे प्रयोग संपले. शेपटीचं बूड बघा, तिथे हाडं वर आली असतील तर उपास जुना आहे. खालचा जबडा दोन बोटांत अगदी हलके धरा. टणक हवा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. मांड्या बघा. एकच भाग टणक आणि फुगलेला असेल तर ती तब्येत नाही. "पाय कसा भरलाय" असं कौतुकाने दाखवलेले दोन प्राणी मी पाहिलेत. हाड दुबळं पडलं की शरीर त्याला टेकू म्हणून भोवती तंतू भरतं, आणि बाहेरून पाय जाड दिसतो. पाठीला किंवा शेपटीला नवा बाक आला असेल तर तेही त्याच आजाराचं.

जबडा उघडून आत बघायचा हट्ट करू नका. हाडं मऊ असतील तर तुमच्याच हातून मोडतील.

मादी असेल तर पोट चाचपू नका, वागणं बघा. नर नसला तरी मोठी मादी अंडी धरते, डझनांनी. काही आठवडे खाणं कमी, पोट फुगलेलं, कोपऱ्यात सारखं उकरणं, पण डोळे टवटवीत आणि चाल फिरती. हे नैसर्गिक आहे. तिला अंग मावेल असा खोल डबा द्या, त्यात ओलसर माती आणि वाळू. उकरणं थांबलं, अंडी आली नाहीत आणि ती गळून पडली, तर अंडी अडकली आहेत. त्याच दिवशी दवाखाना.

इथे थांबा

हाडांचं कुठलंही लक्षण, वजनातली घट, सुजलेलं पोट, आठवडाभर शी नाही, खोल गेलेले डोळे, पिल्लाचे दोन दिवस, मोठ्याचा सगळं दुरुस्त केल्यावरही आठवडा. यातलं काहीही असेल तर तुमचं काम संपलं. पुढे लागतो एक्स-रे आणि रक्ततपासणी, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस, यूरिक आम्ल. मूत्रपिंड बिघडलंय की हाडं, हे बाहेरून मलाही ओळखता येत नाही, आणि दोघांचे उपचार वेगळे.

तोवर सिरिंजने भरवू नका. गार किंवा कोरड्या पडलेल्या प्राण्याच्या पोटात ढकललेलं अन्न सडतं, श्वासनलिकेत गेलं तर जीव जातो. माणसांची ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा थेंब अंदाजाने देऊ नका. जादा झालं की नको त्या अवयवांत कॅल्शियम साठतं. कॅल्शियमचं इंजेक्शन कुणी "टोचून देतो" म्हणाला तर नाही म्हणा. ते रक्त तपासून, वजनाच्या हिशेबाने डॉक्टर देतात. जंताचं औषधही शी तपासल्याशिवाय नको.

कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरसुद्धा सरपटणारे प्राणी बघतातच असं नाही. फोनवरच विचारा, "तुम्ही इग्वाना बघता का?" नाही म्हणणारा डॉक्टर प्रामाणिक असतो. जवळ कुणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे ती आहेत. स्वतः बघत नसले तरी कोण बघतं हे तिथे बहुधा कळतं.

काही जण कागद नाहीत म्हणून दवाखान्यात जायला घाबरतात, आणि प्राणी घरीच दगावतो. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी राहिली असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. पण आजारी जनावर त्यासाठी थांबवून ठेवू नका.

नेताना सुती उशीचा अभ्रा, त्यात प्राणी, अभ्र्याचं तोंड सैल बांधलेलं, मग हवेची भोकं असलेला खोका. बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. गाडीचा एसी बंद. बरोबर शेवटच्या शीचा फोटो, पिंजऱ्याचा फोटो, तीन वेळची तापमानं, नळीची तारीख आणि महिन्याभरात काय काय खायला दिलं त्याची खरी यादी. खरी म्हणजे अंड्यासकट.

दुरुस्तीनंतर किती दिवस?

ऊब आणि पाणी एवढाच घोळ असेल तर दोन ते पाच दिवस. आधी रंग उजळतो, मग तो फांदीवर चढतो, मग शी होते, आणि शेवटी खाणं. हा क्रम उलटा होताना मी क्वचितच पाहिलाय, म्हणून रंग परतला की मी घरच्यांना सांगतो, ताटलीकडे बघणं बंद करा. हाडांचा आजार असेल तर डॉक्टरांच्या उपचारांनंतरही महिने लागतात, आणि वाकलेली शेपटी वाकलेलीच राहते.

पहिला घास बहुतेक वेळा फुलाचा असतो. त्या दिवशी आनंदाने ताटली भरू नका. दोन फुलं, चार पानं. दुसऱ्या दिवशी शी बघा, मग वाढवा.

तात्याचा पहिला घास माझ्याकडे आल्यानंतर नवव्या दिवशी पडला. मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेलो होतो. परत आलो तर जास्वंदीचा देठ तेवढा फांदीला खोचलेला होता.